कापडी डायपर धुवायचे कसे: पहिल्या धुण्यापासून वास, डाग आणि गळतीपर्यंत

कापडी डायपर सुरू केलेल्या घरात महिन्याभरात एक तक्रार हमखास ऐकू येते. धुतलेल्या डायपरलाच वास मारतोय, किंवा सुरुवातीला दोन-तीन तास टिकणारा डायपर आता तासाभरात गळायला लागलाय. मग डायपर हलक्या प्रतीचे निघाले असं म्हणून दुसरे मागवले जातात आणि काही दिवसांत त्यांचंही तेच होतं. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच, की बाळाची वस्तू म्हणून ते फार जपून धुतलेले असतात. चिमूटभर पावडर, गार पाणी, पंधरा मिनिटांची छोटी सायकल. बाळाचं झबलं एवढ्यावर स्वच्छ निघतं, पण चार-पाच थरांच्या कापडात मुरलेली शू निघत नाही.

म्हणून सुरुवातीलाच एक खूणगाठ बांधून ठेवा. डायपरचे दोन भाग असतात आणि दोघांचे स्वभाव उलटे असतात. आतला शोषणारा भाग, मग तो इन्सर्ट असो, सोकर असो की साधं घडी घातलेलं सुती कापड, चांगलाच दणकट असतो. गरम पाणी, पुरेसं डिटर्जंट, मशीनमधली आपटाआपट हे सगळं त्याला चालतं, किंबहुना लागतंच. बाहेरचं कव्हर मात्र नाजूक. बहुतेक कव्हरं पीयूएल नावाच्या कापडाची असतात, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला असतो. तो थर आणि पायांभोवतीचं इलॅस्टिक, एवढ्या दोन गोष्टींवर ओल अडलेली असते. कडक उष्णता, ब्लीच आणि जोरात पिळणं यांनी दोन्ही लवकर निकामी होतात. इन्सर्ट दणकून धुवायचा आणि कव्हर जपायचं, एवढं डोक्यात ठेवलंत की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतील.

डायपर घरी आल्यावर

नवा डायपर पाकिटातून काढून थेट बाळाला बांधू नका. न धुतलेल्या सुती, बांबूच्या आणि विशेषतः हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याच्या, कापडात थोडा नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे सुरुवातीला ते पाणी नीट पीत नाही. असे इन्सर्ट गरम पाण्यात डिटर्जंट घालून तीन-चार वेळा धुवा. दर धुण्यानंतर वाळवत बसायची गरज नाही. त्यांची शोषण्याची क्षमता पुढच्या आठ-दहा धुण्यांपर्यंत वाढत राहते, म्हणून पहिल्या आठवड्यात डायपर लवकर भिजला तर घाबरून जाऊ नका. हे पहिले धुणे कव्हरं आणि मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्याचे इन्सर्ट) यांच्यापासून वेगळे ठेवा, नाहीतर सुटलेला तेलकटपणा त्यांच्यावर बसतो. मायक्रोफायबर आणि कव्हर एकदा धुतलं की वापरायला तयार.

मायक्रोफायबरचा इन्सर्ट कधीही थेट बाळाच्या कातडीला लागेल असा ठेवू नका. तो ओल इतकी ओढतो की कातडी कोरडी पडून लाल होते. पॉकेट डायपरच्या, म्हणजे इन्सर्ट सरकवायला कव्हरलाच खिसा असलेल्या डायपरच्या, खिशात किंवा दुसऱ्या कापडाखाली तो ठीक आहे.

नग किती लागतील हा प्रश्न धुण्याशीच जोडलेला आहे. अगदी लहान बाळाचा डायपर दिवसाला १०-१२ वेळा बदलावा लागतो, पुढे तो आकडा ६ ते ८ वर येतो. दर दोन दिवसांनी धुवायचं ठरवलंत तर नवजात बाळासाठी २०-२४ बदल पुरतील एवढे इन्सर्ट हवेत. कव्हरं इतकी लागत नाहीत. शीचा डाग नसेल तर कव्हर पुसून, वारा लावून पुन्हा वापरता येतं. रोज धुणार असाल तर अर्ध्या संचावरही भागतं, पण मग एका दिवसाचीही सुट्टी नाही.

वापरलेला डायपर धुण्यापर्यंत कुठे ठेवायचा

पाण्यात भिजत नाही, कोरड्या बादलीत.

पूर्वी लंगोट बादलीत भिजत घालून ठेवायची पद्धत होती आणि घरातली मोठी माणसं तेच सुचवतील. साध्या सुती लंगोटाला त्याने फारसं बिघडत नसे. पण शू-शीच्या पाण्यात दिवसभर पडून राहिलं तर इलॅस्टिक सैल पडतं, पीयूएलचा थर सुटू लागतो आणि ते पाणी जंतूंची शेती होऊन बसतं. दुसरं कारण याहून गंभीर आहे. रांगतं मूल बादलीत डोकावून तोल जाऊन आत पडू शकतं आणि काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडतं. पाण्याची बादली मूल असलेल्या घरात उघडी ठेवूच नये, मग ती डायपरची असो की आणखी कशाची.

हवा खेळेल अशी जाळीची टोपली किंवा उघडी बादली घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात वास कमी येईल असं वाटतं, पण होतं उलटं. आत वायू कोंडतो आणि दमट कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते ठिपके एकदा पडले की जाता जात नाहीत. बाहेर जाताना जलरोधक पिशवी जरूर वापरा, पण घरी आल्या आल्या ती रिकामी करा.

टोपलीत टाकण्यापूर्वी तीन कामं उरकून घ्या. पॉकेट डायपर असेल तर इन्सर्ट बाहेर ओढून काढा, वेलक्रो असेल तर तो त्याच्याच मागच्या पट्टीवर दुमडून चिकटवा, आणि शी असेल तर ती आधी काढा. रात्रीचा डायपर मात्र टोपलीत नेण्याआधी नळाखाली धरा. रात्रभराची शू त्यात असते. इन्सर्ट हातात घेऊन दाबला की आधी पिवळसर पाणी येतं, मग फिकट, आणि मिनिटभरात जवळजवळ नितळ. पिळून मग टाका. एवढ्या एका मिनिटाने वासाच्या निम्म्या तक्रारी संपतात, कारण रात्रीचा न खळबळलेला इन्सर्ट टोपलीतल्या बाकी सगळ्यांना वास लावतो.

दोन दिवसांत धुवा, फार तर तीन. त्यापुढे नको.

शीचं काय करायचं

फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात विरघळते, त्यामुळे तसा डायपर थेट मशीनमध्ये गेला तरी चालतं. आधी गार पाण्याने खळबळला तर डाग कमी पडतात एवढंच. पावडरच्या दुधावरच्या बाळाची शी जरा घट्ट असते, ती धुऊन टाकलेली बरी. साधारण सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की मात्र सूट संपली. शी टॉयलेटमध्येच गेली पाहिजे, मशीनमध्ये नाही.

त्यासाठी टॉयलेटशेजारी हँड शॉवर असेल तर उत्तम. डायपर उतरता धरून वरून खाली पाणी मारा. फवारा सरळ समोर मारलात तर काय होतं ते पहिल्याच दिवशी भिंतीवर दिसेल. हँड शॉवर नसेल तर मगाने पाणी ओतत, यासाठीच ठेवलेल्या जुन्या ब्रशने खरवडा. पाणी गारच हवं. शीमध्ये प्रथिनं असतात आणि गरम पाण्याने ती कापडावर पक्की बसतात.

डायपरमध्ये इन्सर्टच्या वर, बाळाच्या कातडीलगत पातळ लायनर घातला तर शी त्यावरच राहते आणि काम बरंच सोपं होतं. धुऊन वापरायचे फ्लीसचे लायनर मिळतात, तसेच टाकून द्यायचे कागदीही मिळतात. कागदी लायनरच्या पाकिटावर फ्लश करता येतं असं लिहिलेलं असलं तरी ते कचऱ्यातच टाका. पाईप तुंबला की निस्तरायचं आपल्यालाच असतं.

मशीनमध्ये धुणं: दोन फेऱ्या

एका फेरीत डायपर स्वच्छ होत नाहीत, हे नवशिक्यांना कुणी सांगत नाही. पहिली फेरी मळ काढण्यासाठी आणि दुसरी कापड धुण्यासाठी. पहिल्या फेरीचं घाण पाणी पूर्ण निघून गेल्यावरच दुसरीला अर्थ आहे.

१. पहिली फेरी छोटी, गार किंवा कोमट पाण्याची, अर्ध्या मापाच्या डिटर्जंटची. अर्धा-पाऊण तास पुरे. फक्त पाण्याने खळबळण्यापेक्षा थोडं डिटर्जंट घातलेलं बरं, कारण मळ सुटतो आणि पुन्हा कापडावर बसत नाही.

२. मग मशीन उघडा. ओले इन्सर्ट ड्रमच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात, ते सोडवून मोकळे करा. आता ड्रम किती भरलाय ते बघा. दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेला हवा. कमी असेल तर बाळाचेच छोटे कपडे, पंचे, फडकी घाला. चादरी आणि मोठे टॉवेल नको, ते डायपरांना स्वतःत गुंडाळून घेतात.

३. दुसरी फेरी लांब, ६० अंश सेल्सिअसची, पूर्ण मापाच्या डिटर्जंटची. बहुतेक मशीनवर यासाठी ‘कॉटन’ हा प्रोग्रॅम असतो आणि तो दीड-दोन तास घेतो. ‘क्विक’ किंवा ‘डेलिकेट’ नको. ‘इको’ही टाळा, कारण त्यात पाणी लिहिलेल्या तापमानापर्यंत जातंच असं नाही. कव्हरांच्या लेबलवर ४० अंश लिहिलं असेल तर ती पहिल्या फेरीनंतर बाहेर काढा आणि बाकी कपड्यांबरोबर धुवा.

४. शेवटी एकदा जादा पाण्याने खळबळा, पण तेही लागलं तरच. बऱ्याच मशीनना याची गरज पडत नाही.

ड्रम भरलेला असण्यावर इतका भर का? कारण कापड कापडावर घासल्याने स्वच्छ होतं. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात. ड्रम अर्धा रिकामा असेल तर सगळं एका बाजूला चिकटून फिरतं, आणि गच्च भरला तर हलायलाच जागा राहत नाही. अशी बरीचशी मशीन कपड्यांचं वजन किंवा ते पाणी किती पितात हे पाहून पाणी घेतात, म्हणून कपडे आधीच ओले करून घातले की पाणी कमी घेतलं जातं. पहिली फेरी वेगळी चालवल्यावर स्पिन पूर्ण होऊ द्या, मगच दुसरी लावा. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये पाण्याची पातळी आपल्या हातात असते. तिथे उलटी चूक होते, पाणी फार भरलं जातं. धुणं चालू असताना झाकण उघडून पाहिलं तर डायपर दाट आमटीतल्या फोडींसारखे एकमेकांना ढकलत वरखाली व्हायला हवेत. सुटे सुटे तरंगत असतील तर पाणी जास्त आहे.

डिटर्जंट किती आणि कोणतं

‘कापडी डायपरला चमचाभरच डिटर्जंट घाला, नाहीतर ते कापडात साठून राहतं’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि माझ्या मते याच सल्ल्याने सर्वात जास्त डायपर वाया गेले आहेत. साठून राहतं ते बहुतेक वेळा न निघालेला मळ आणि पाण्यातले क्षार. पाकिटावर खूप मळलेल्या कपड्यांसाठी जे माप दिलेलं असतं, ते डायपरचं माप. त्याहून मळके कपडे घरात दुसरे कुठले असणार?

नेहमीची चांगली धुण्याची पावडर चालते. डायपरसाठी म्हणून वेगळी विकली जाणारी महाग पावडर घ्यायलाच हवी असं नाही. एन्झाइम असलेली पावडर शी आणि दुधाच्या डागांवर उत्तम काम करते, कारण ती प्रथिनं तोडते. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, असलेली पावडरही चांगली, मात्र तिला गरम पाणी लागतं. बाळाची कातडी फार नाजूक असेल तर बिनवासाचं डिटर्जंट घ्या, पण माप कमी करू नका.

काही गोष्टी मात्र लांब ठेवा. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको. कापड मऊ लागावं म्हणून तो धाग्यांवर एक आवरण चढवतो आणि त्या आवरणातून शू आत जात नाही. घरगुती साबण, साबणाचा चुरा आणि रिठाही डायपरला नको. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर साबणाचा चिकट साका होतो आणि तो कापडात बसतो. रिठ्यात एन्झाइम नसतात, मळ धरून ठेवायची ताकदही फार कमी. घरच्या साड्यांसाठी तो गुणाचा असेल, डायपरसाठी नाही. आणि व्हिनेगर. इंटरनेटवर वासाचा पहिला उपाय म्हणून तेच सुचवलं जातं, पण वारंवार वापरलं तर इलॅस्टिक लवकर मरतं आणि धुण्यातली खरी उणीव तशीच राहते.

पाणी जड असेल तर

नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, बादलीच्या कडेला खडूसारखी रेघ उमटते, साबणाला फेस येत नाही, या सगळ्या जड पाण्याच्या खुणा. पाण्याच्या तपासणीचा अहवाल मिळत असेल तर त्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दिलेला आकडा पाहा. लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत पाणी मऊ, १२० च्या पुढे जड आणि १८० च्या पुढे फारच जड समजतात. अहवाल नसेल तर पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, साध्या अंगाच्या साबणाचा किस टाका आणि जोरात हलवा. वर फेसाची जाड टोपी आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, तर जड.

जड पाण्यात डिटर्जंटचा मोठा भाग क्षारांशी लढण्यातच खर्च होतो, कापडापर्यंत थोडाच पोचतो. अशा ठिकाणी डिटर्जंट वाढवावं लागतं आणि सोबत पाणी मऊ करणारी पावडर घालावी लागते. धुण्याचा सोडा हा त्यातला सर्वात साधा पर्याय. तो दोन्ही फेऱ्यांत घाला. खाण्याचा सोडा म्हणजे हा नव्हे, आणि त्याने हे काम होतही नाही. फारच जड पाण्यात मशीनसाठी मिळणारा वॉटर सॉफ्टनर जास्त बरा, कारण तो क्षारांचा साका कापडावर बसू देत नाही.

मशीन नसेल तर

हाताने धुतलेले डायपर उत्तम निघतात, पण रोजच्या रोज धुतले तरच. आणि जाड इन्सर्टपेक्षा एका पदराचं मोठं सुती कापड, जे घडी घालून वापरतात, ते हाताने धुवायला कितीतरी सोपं. जाड शिवलेल्या इन्सर्टच्या मधल्या थरांपर्यंत हात पोचत नाहीत. उलगडलेलं कापड मात्र दोन्ही बाजूंनी दिसतं आणि वाळतंही भराभर. हाताने धुवायचं नक्की असेल तर खरेदी करतानाच हा विचार करा.

आधी गार पाण्यात दोन-तीनदा खळबळून पिळा, पाणी नितळ येईपर्यंत. मग हाताला सोसेल इतकं गरम पाणी, डिटर्जंट, आणि अर्धा तास भिजू द्या, तेवढा वेळ बादलीजवळून हलू नका. त्यानंतर पाच-दहा मिनिटं चांगलं चोळा किंवा नवा, यासाठीच ठेवलेला, तुंबलेलं बेसिन मोकळं करायला वापरतात तसा रबरी पंप वरखाली मारा. हातमोजे घाला, रोजच्या डिटर्जंटने हाताची साल निघते. शेवटी फेस जाईपर्यंत खळबळा. लाकडी धोपाटणं घेऊन धोपटायचं असेल तर सुती कापडच धोपटा. कव्हर दोन हातांत दाबून पाणी काढा, पीळ देऊ नका.

वाळवणं

इन्सर्टना ऊन मिळेल तेवढं द्या. उन्हाने शीचे पिवळे डाग अक्षरशः उडून जातात, आणि कापड ओलसर असताना ऊन लागलं तर आणखी चांगलं. डाग राहिला म्हणजे डायपर अस्वच्छ आहे असं नसतं, तरी ज्यांना तो डोळ्यांना खुपतो त्यांनी पैसे घालवण्यापूर्वी दोन दिवस ऊन दाखवावं. उन्हात सुती कापड कडक होतं. दोरीवरून काढताना दोन हातांत धरून चोळलं, झटकलं की मऊ पडतं.

कव्हरं सावलीत, वाऱ्यावर. रोजच्या कडक उन्हाने पीयूएल ठिसूळ होतं आणि इलॅस्टिकची ताण धरायची ताकद जाते. चिमटा पोटाच्या बाजूला लावा आणि लांबी दोरीच्या दिशेने ठेवा, म्हणजे ओल्या कापडाचं वजन इलॅस्टिकवर येणार नाही. पॉकेट डायपर इन्सर्टसकट कधीच वाळत घालू नका, आत दोन दिवस दमट राहतो.

दमट, ढगाळ दिवसांत इन्सर्ट पंख्याखाली, एकमेकांना न चिकटवता पसरा. हेम्प आणि बांबू सर्वात उशिरा वाळतात, मायक्रोफायबर सर्वात आधी. वरून कोरडा लागलेला इन्सर्ट मधोमध, शिवणीजवळ दाबून बघा. तिथे गारवा लागला तर तो अजून ओला आहे. ड्रायर असेल तर इन्सर्टना चालतो, कव्हरांना मंद उष्णतेवर फार तर कधीतरी. ड्रायरमधून काढलेलं गरम कव्हर लगेच ओढू-ताणू नका. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अहवालात कापडी डायपरचा पर्यावरणावरचा भार मुख्यतः ते कसे धुतले जातात त्यावर ठरतो असं मांडलं होतं. पूर्ण भरलेलं मशीन, दोरीवर वाळवणं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलाला वापरणं यांनी तो बराच कमी होतो, आणि ड्रायर व ६० अंशांपुढचं पाणी यांनी वाढतो. विजेच्या बिलाचाही हिशेब तोच.

वास येतोय

वास कधी येतो त्यावरून कारण कळतं. रात्रीचा डायपर सकाळी सोडताना डोळ्यांत झोंबला, तर त्यात फारसं वावगं नाही. शूमधल्या युरियाचं जंतू अमोनिया करतात आणि त्यांना रात्रभराचा वेळ मिळालेला असतो. पण नुकताच बांधलेला डायपर बाळाने ओला करताच तसा वास आला, किंवा धुऊन वाळलेल्या इन्सर्टला नाक लावताच गोठ्यासारखा दर्प आला, तर जंतू आणि मळ आत शिल्लक आहेत. तसाच वापरला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते.

उपाय आधी धुण्यात शोधा. डिटर्जंट पूर्ण मापाचं आहे का, पाणी गरम होतं का, ड्रम नीट भरलाय का, पाणी जड आहे का? यातलं एक सुधारलं की बहुधा चार-पाच धुण्यांत वास जातो. तरीही राहिला तरच ‘स्ट्रिपिंग’. धुतलेले इन्सर्ट गरम पाण्यात, डिटर्जंट आणि पाणी मऊ करणारी पावडर घालून, पाणी गार होईपर्यंत चार-पाच तास ठेवायचे आणि मग पुन्हा मशीनमधून काढायचे. कव्हरं यात घालायची नाहीत, आणि हा टब बाळाच्या हाती लागेल अशा जागी ठेवायचा नाही. दर महिन्याला स्ट्रिपिंग करावं लागत असेल तर रोजच्या धुण्यात काहीतरी चुकतंय हे नक्की.

गळतंय

एक चमचा पाणी कोरड्या इन्सर्टवर ओता. लगेच आत मुरलं तर इन्सर्ट ठीक आहे आणि दोष बांधण्यात आहे: मांडीपाशी फट राहतेय, इन्सर्टची कड कव्हरबाहेर डोकावतेय, किंवा बाळाची शू वाढलीय आणि आणखी एक थर हवा. पाण्याचे थेंब मण्यांसारखे वर गोळा होऊन सरकू लागले तर कापडावर काहीतरी बसलंय. फॅब्रिक सॉफ्टनर, किंवा बाळाला लावलेलं क्रीम. झिंक ऑक्साइड आणि पेट्रोलियम जेलीची मलमं कापडाला चिकटली की सहज निघत नाहीत. मलम लावायचंच असेल तेव्हा मध्ये लायनर ठेवा. बसलेला थर भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब लावून, जुन्या टूथब्रशने घासून, गरम पाण्याने निघतो. पण तो साबण चांगला खळबळून काढा, मशीनमध्ये फेसाचा डोंगर होतो.

कव्हर आतून थेट झिरपत असेल तर ते उजेडासमोर धरा. आतला थर बुडबुड्यांसारखा सुटलेला किंवा चिरलेला दिसला तर त्याचं आयुष्य संपलं, धुऊन काही उपयोग नाही. इलॅस्टिक सैल झालं असेल तर मात्र कव्हर टाकू नका. शिंप्याकडून नवं इलॅस्टिक घालून घेता येतं.

पुरळ आणि जंतुसंसर्ग

साधी लाली वेळेवर डायपर बदलल्याने आणि थोडा वेळ उघडं ठेवल्याने बसते. दर दोन-तीन तासांनी, आणि शी झाली की लगेच बदला. लालभडक चट्टा, त्याच्या कडेने सुटे लाल ठिपके, मांडीच्या घड्यांतही लाली, असं दिसलं तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तिथे घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा. औषध चालू असेतो डायपर जंतुमुक्त करणं गरजेचं असतं, नाहीतर संसर्ग पुन्हा पुन्हा येतो.

क्लोरीन ब्लीच वापरायची ही एक रास्त वेळ. तेही आधी दोन फेऱ्यांत पूर्ण धुतलेल्या इन्सर्टवर, साध्या पाण्यात, बाटलीवर दिलेल्या मापाने, आणि नंतर भरपूर खळबळून. न धुतलेल्या, शूने ओल्या डायपरवर ब्लीच कधीच ओतू नका. अमोनियाशी गाठ पडली की विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो. व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. म्हणून दोन्ही बाटल्या न्हाणीघरात शेजारी शेजारी ठेवूही नका.

डायपर सुटल्यावर

मूल टॉयलेटला जायला लागलं की डायपर पुढच्या बाळासाठी ठेवायचे असतात. ठेवण्याआधी एक चांगलं गरम धुणं द्या, कडक ऊन दाखवा आणि आणखी एक दिवस घरात मोकळे पसरून ठेवा. जरा दमट राहिला तर आतल्या आत बुरशी धरते. टिचबटणं उघडी, इलॅस्टिक न ताणता सैल, इन्सर्ट आणि कव्हर वेगवेगळे, सुती पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात तिथली उष्णता पीयूएलला चांगली नाही.

दुसऱ्याचे वापरलेले डायपर घेत असाल तर आधी इलॅस्टिक ओढून सोडा. ते झटकन मागे आलं पाहिजे. मग प्रत्येक टिचबटण लावून काढा, कव्हर उजेडासमोर धरा आणि इन्सर्टचा वास घ्या. घरी आणल्यावर धुतलेले इन्सर्ट एकदा ब्लीचच्या पाण्यातून काढा, दोन गरम धुणी द्या, मग बाळाला बांधा.